ओरिजिनल कुठे आहे?

त्या गृहस्थांनी पिशवीतून पत्र काढून कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटमधल्या माझ्या टेबलावर ठेवलं, तेव्हा वरच्या ट्यूबलाइटचा उजेड त्यावर असा चमकला की मला पहिली ओळसुद्धा वाचता येईना. पत्र लॅमिनेट केलेलं होतं. कडेला प्लॅस्टिकची बोटभर पट्टी, कोपरे कात्रीने गोल कापलेले. मी ते तिरकं धरलं, मग दिसलं: आमच्या कंपनीचं जुनं लेटरहेड, खाली तेव्हाच्या परचेस हेडची सही आणि गोल शिक्का. भोसरीत त्यांचं छोटं प्रेस शॉप आहे, आमच्यासाठी ते ब्रॅकेट बनवायचे. (तपशील थोडे बदलून लिहिते आहे, ओळख पटू नये म्हणून.) डायचा, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याचा, खर्च त्यांनी स्वतःच्या खिशातून केला होता आणि तो दर नगामागे थोडा थोडा वळता करून द्यायचं ठरलं होतं. ठरलेले नग पूर्ण होण्याआधीच मॉडेल बंद झालं, तर डायची उरलेली रक्कम कंपनी एकरकमी देईल, असं त्या पत्रात लिहिलेलं होतं. मॉडेल बंद झालं होतं. परचेस हेड केव्हाच नोकरी सोडून गेले होते. ते गृहस्थ म्हणाले, "मॅडम, कागद खराब होऊ नये म्हणून लॅमिनेशन करून घेतलं. चालेल ना?"

मी म्हटलं, बघते. पत्र तुमच्याकडेच ठेवा, मला फक्त फोटो काढू द्या. ते गेले आणि त्यांचं ते 'चालेल ना' दिवसभर कानात राहिलं. कायद्याच्या अंगाने उत्तर सोपं नव्हतं. प्लॅस्टिकखाली शाई कोणती आणि झेरॉक्स कोणती हे बोटाला कळत नाही. पेनाच्या दाबाने कागदावर पडलेली चर, शिक्क्याची पसरलेली शाई, सगळं एका चकचकीत पापुद्र्याखाली सपाट होऊन जातं. दस्ताला मुद्रांक कमी पडला असेल तर तो भरून घेतल्याचा शेरा त्या दस्तावरच मारायचा असतो. तो शेरा प्लॅस्टिकवर मारायचा कसा? आणि प्लॅस्टिक सोलायला जावं, तर कागदाचा वरचा थर त्याच्याबरोबर निघून येतो. पण मला टोचत होतं ते वेगळंच. त्या माणसाने त्याला ठाऊक असलेल्या उत्तमातल्या उत्तम रीतीने कागद जपला होता. आमच्याकडे लीगल डिपार्टमेंट आहे, कुलपाची कपाटं आहेत, सर्व्हर आहे. आमच्या फाइलमध्ये ते पत्र नव्हतंच. होता तो व्हेंडर नोंदणीचा फॉर्म, जीएसटीचा दाखला आणि पर्चेस ऑर्डरींचा गठ्ठा. प्रत्येक ऑर्डरीच्या पाठीमागे राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेल्या अटी. त्यांतली एक अट म्हणत होती की ही ऑर्डर हाच संपूर्ण करार, याआधीचा कोणताही पत्रव्यवहार बंधनकारक नाही.

म्हणजे आमच्या कागदांच्या जगात त्यांना दिलेला शब्द अस्तित्वातच नव्हता.

वकिलीला लागले तेव्हा सीनियरांनी पहिलं काम दिलं ते सर्चचं. जमिनीचा व्यवहार करायचा तर मागच्या तीस वर्षांची खरेदीखतं, गहाणखतं, हक्कसोडपत्रं दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन शोधायची. आता बरंच काही ऑनलाइन दिसतं; तेव्हा फी भरायची, पावती घ्यायची आणि इंडेक्स टूची, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या सूचीची, पुस्तकं उघडून बसायचं. खळ आणि जुन्या कापडी बांधणीचा तो वास, पान उलटताना नाकात जाणारी पिठासारखी धूळ, आणि ओळीमागून ओळी गट नंबर वाचून दुपारपर्यंत दुखायला लागलेली मान. तिथला एक शिपाई पान उलटताना दुसऱ्या हाताचा तळवा पानाखाली घालायचा, झोपलेल्या बाळाची मान सावरावी तसा. मला घाई असायची. मी पान चिमटीत धरलं की तो काही न बोलता पुस्तक स्वतःकडे ओढून घ्यायचा. सर्च रिपोर्टच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं: अमुक ते अमुक वर्षांची काही पानं फाटलेली असल्याने त्या कालावधीतील नोंदी पाहता आल्या नाहीत. सगळेच वकील ते लिहितात, मीही लिहिलं. बँकाही ते वाचून पुढे जातात. पण त्या फाटक्या पानावर कुणाचं तरी गहाण असेल, कुण्या बहिणीचा हिस्सा असेल, कुणी रोख मोजून घेतलेली पाच गुंठे असतील, हा विचार त्या वयातही मला झोपताना सतावायचा. पुण्यात ज्याला सगळे पेशवे दफ्तर म्हणतात, तिथे मोडीतले कागद अजून रुमालांत बांधलेले आहेत. दोन-अडीचशे वर्षांत किती जणांनी त्या गाठी सोडल्या असतील आणि कागद जागच्या जागी ठेवून पुन्हा बांधल्या असतील. त्या माणसांची नावं कुठेच नाहीत.

नोकरी धरली तेव्हा बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे अर्ज करून सनद स्थगित केली. पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही, बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४९ तसं सांगतो. काळा कोट कपाटात गेला. कंपनीतला वकील म्हणजे दिवसभर धारदार कलमं लिहीत बसलेला माणूस अशी माझी समजूत होती. तसे दिवसही असतात. पण बाकीचा बराच वेळ एका प्रश्नामागे जातो: ओरिजिनल कुठे आहे? उत्तरं ठरलेली. बँकेत असेल. सीएकडे दिलं होतं. साहेबांच्या ड्रॉवरमध्ये बघा. प्लांटला पाठवलं होतं, परत आलं की नाही माहीत नाही. परचेसचे करार परचेसकडे, गेस्ट हाऊसचं लीव्ह अँड लायसन्स अ‍ॅडमिनकडे, डीलरशिपचे करार सेल्सवाल्यांच्या लॅपटॉपवर. आणि जो तो आपल्याकडची स्कॅन कॉपी हीच मूळ प्रत समजून चाललेला.

चाकणच्या प्लांटमधली रेकॉर्ड रूम तळघरात आहे. पहिल्यांदा ती उघडली तेव्हा डांबर गोळ्यांचा आणि ओलीचा मिसळलेला वास अंगावर आला. खालच्या रॅकवरच्या बॉक्स फाइलींना बुरशीची पांढरी किनार, आतल्या कागदांवर कसरीने कुरतडलेली नक्षी, रबर बँड वितळून कागदाला चिकटलेले. एमआयडीसीचा भाडेपट्टा मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट होता. पंच्याण्णव वर्षांचा भाडेपट्टा. त्यावर सह्या करणाऱ्यांपैकी कुणीही त्याचा शेवट बघणार नाही. त्याच रॅकवर एका फाइलीत फिकट पिवळे, गुळगुळीत, स्वतःभोवती गुंडाळू पाहणारे कागद सापडले. ते फॅक्स होते. थर्मल पेपरवरची अक्षरं काही वर्षांत उडून जातात हे वाचून माहीत होतं, डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहत होते. फाइलच्या पाठीवर बॉलपेनने एका परदेशी कंपनीचं नाव आणि 'अ‍ॅक्सेप्टन्स' असा शब्द, आणि आत कोरे कागद. स्टेपलच्या पिनेचा गंज तेवढा उमटलेला. उजेडासमोर धरल्यावर वरच्या कोपऱ्यात फॅक्स नंबराचे दोन-तीन आकडे भासल्यासारखे झाले. कुणी तरी कधी तरी काही तरी मान्य केलं होतं.

याहून जास्त त्रास मला वाटतं अर्धवट करारांचा होतो. मुख्य करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या, प्रत्येक पानावर इनिशियल, आणि किंमत कुठे? तर 'परिशिष्ट ब, सोबत जोडलं आहे.' सोबत काहीच जोडलेलं नाही. किंवा समोरच्याने सही करून दोन्ही प्रती पाठवलेल्या, आपल्या बाजूची सही राहिली ती राहिलीच. किंवा सही आहे, तारीख नाही. पुरवणी करार आहे, पण तो ज्याची पुरवणी आहे तो मूळ करार नाही. कॉम्प्युटरवर फायनल, फायनल टू, फायनल रिव्हाइज्ड अशा फायली, आणि सही नेमकी कोणत्या मसुद्यावर झाली हे एकालाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

मुद्रांकाचं तर वेगळंच. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ३४ प्रमाणे पुरेसा मुद्रांक नसलेला दस्त पुराव्यात घेता येत नाही. शुल्काची तूट आणि वर दरमहा २ टक्के दंड भरला की दोष जातो. पण तो दोष जातो मूळ दस्ताचा. झेरॉक्स घेऊन गेलात आणि कितीही शुल्क भरायची तयारी दाखवलीत तरी उपयोग नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यात आपल्याकडे कलम ५२ ब आहे. घेऊन ठेवलेला मुद्रांक सहा महिन्यांत वापरला नाही तर तो बाद. इतर बऱ्याच राज्यांतली मंडळी याबाबत निर्धास्त असतात, इथे निर्धास्त राहून चालत नाही. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की मुद्रांक नसलेल्या करारातलं लवादाचं कलम अंमलात आणता येणार नाही. ते महिने मला चांगले आठवतात. ओळखीतल्या सगळ्या कंपन्यांमधले वकील कपाटं उपसत होते. १३ डिसेंबरला सात न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला, मुद्रांकाची उणीव दुरुस्त होण्यासारखी आहे म्हणाले, आणि फोनवर सगळ्यांचे आवाज बदलले. मी मात्र उपसलेलं कपाट परत तसंच भरलं नाही. त्या निमित्ताने दर कराराच्या पहिल्या पानावर एक साधी चिठ्ठी लागायला लागली: मूळ प्रत कुठे, मुद्रांक किती, परिशिष्टं किती, सही कुणाची आणि कोणत्या ठरावाने.

आता अकाउंट्सचे लोकही माझ्याकडे यायला लागले आहेत, आणि त्याला कारण आहे आयकर. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे वेळेत दिले नाहीत तर त्या खर्चाची वजावट पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच मिळते, ही तरतूद २०२३ च्या वित्त कायद्याने आणली. वेळेत म्हणजे किती, हे २००६ चा एमएसएमई कायदा ठरवतो: लेखी करार असेल तर करारातली मुदत, पण कमाल ४५ दिवस, लेखी काही नसेल तर १५ दिवस. आजवर जो कागद सापडला नाही तरी कुणाचं अडत नव्हतं, तो आता मार्च महिन्यात सगळ्यांना हवा असतो. मला याचा मनापासून आनंद होतो. भोसरी-चाकणच्या शेडमधल्या माणसाचे पैसे वेळेवर मिळावेत म्हणून का होईना, मोठ्या कंपनीला आपण काय लिहून दिलंय ते शोधावं लागतं.

कारण कागद हरवतो तेव्हा दोघांचं सारखं नुकसान होत नाही. बँकेबरोबरच्या कराराची प्रत आमच्याकडून गहाळ झाली तर बँक दुसऱ्या दिवशी पाठवते. आमच्या ग्राहक कंपन्यांचे लीगलवाले त्यांच्या करारातली ओळन् ओळ आम्हाला तोंडपाठ म्हणून दाखवतात. आमच्या विसरण्याची किंमत मोजतो तो आमच्याहून लहान माणूस. यात कुणाचा वाईट हेतू असतो असं नाही. शब्द देणारा अधिकारी बदलतो, त्याचा लॅपटॉप फॉरमॅट होतो, ड्रॉवर रिकामा करून नव्या माणसाला दिला जातो, आणि नवा माणूस खरंच प्रामाणिकपणे सांगतो की आमच्याकडे असं काही नाही. ते ऐकताना समोरच्याचा चेहरा कसा होतो, ते मी पाहिलं आहे.

लॅमिनेट केलेल्या पत्राची ऑफिस कॉपी शेवटी सापडली ती परचेसमध्ये नाही, अकाउंट्समध्ये. त्या वर्षाच्या टूलिंग मंजुरीच्या नोटला मागे टाचणीने लावलेली होती, कोपऱ्यात हिरव्या शाईने 'ओसी' आणि फायनान्सच्या तेव्हाच्या साहेबांची छोटी सही. अकाउंट्समधल्या ज्या सहकाऱ्याने बॉक्स फाइल काढून दिली, त्यांना कौतुक त्या नोटचं होतं, एवढ्या वर्षांत एकही व्हाउचर इकडचं तिकडे झालं नाही म्हणून. माझ्या हातात मात्र आता आमच्याच विरुद्धचा कागद होता. मीटिंगमध्ये एकांनी विचारलं, "त्यांचा कागद कोर्टात टिकवणं अवघड आहे म्हणता ना? मग आपला कशाला काढायचा?" प्रश्न सरळ होता आणि विचारणारे वाईट नव्हते. कंपनीचा पैसा राखणं हे त्यांचं काम. मी म्हटलं, काढायचा की नाही हा प्रश्न उरलेला नाही. तो सापडला आहे, नोंदवहीत चढला आहे, आणि कुणी कोर्टात विचारलं तर आमच्याकडे नाही असं मी लिहून देणार नाही. खोली थोडा वेळ शांत झाली, मग चर्चा रकमेवर गेली. पैसे दिले गेले. व्याजाचं त्या गृहस्थांनी नावही काढलं नाही, पुढच्या ऑर्डरींची आशा असेल. आम्हीही काढलं नाही. तो विषय माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

या सगळ्यासाठी सॉफ्टवेअर घेतलं. चांगलं आहे. नूतनीकरणाच्या नव्वद दिवस आधी मेल येतो, बँक गॅरंटीची मुदत लाल रंगात दिसते, मूळ करार आणि त्याच्या पुरवण्या एकमेकांना जोडलेल्या राहतात. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा आला. इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात द्यायची तर प्रमाणपत्रात तिची हॅश व्हॅल्यूही (फाइलच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण) लागते, त्यामुळे स्कॅन कुणी, केव्हा, कोणत्या मशीनवर केलं याची शिस्तही आपोआप लागली. पण सॉफ्टवेअरला आमचे मराठी दस्त वाचता येत नाहीत, हस्ताक्षरातले तर नाहीच. ते मी स्वतः वाचून भरते, शनिवारी दुपारी, फोन कमी असतात तेव्हा.

तसाच एक दस्त नगर रोडवरच्या जुन्या युनिटच्या फाइलीत मिळाला. ती जमीन शेतकऱ्यांकडून थेट विकत घेतलेली. वीस रुपयांच्या मुद्रांकावर निळ्या शाईने, कुण्या सराईत दस्तलेखकाच्या उभट अक्षरात लिहिलं होतं: 'सदरहू रस्त्याखालील मोरी कंपनीने दरसाल मृगापूर्वी स्वखर्चाने साफ करून द्यावयाची आहे व मागील गटातील पिकात पाणी तुंबू द्यावयाचे नाही.' खाली तेव्हाच्या मॅनेजरची इंग्रजी सही, आणि शेजारी 'निशाणी डावा अंगठा' असं लिहून जांभळा ठसा. ठशाच्या रेषा इतक्या स्वच्छ उमटल्या होत्या की मधोमध गेलेला कापल्याचा जुना व्रणही दिसत होता. युनिटच्या अ‍ॅडमिनला फोन केला. ते म्हणाले, "हां, मागचे लोक ना? दर पावसाळ्यात गेटवर येऊन भांडतात, पाणी शिरलं म्हणून. आपण सिक्युरिटी वाढवतो." मी विचारलं, मोरी कुठे आहे? त्यांना माहीत नव्हतं. गवत काढल्यावर सापडली.

सॉफ्टवेअरच्या तारखेच्या रकान्यात मृग बसेना, म्हणून १५ मे टाकली. जेसीबीचा खर्च कोणत्या हेडखाली टाकायचा यावर दोन दिवस मेल चालले. मोरीतून गाळाबरोबर गोण्या निघाल्या आणि आमच्याच पार्ट नंबरची लेबलं चिकटलेलं पॅकिंगचं थर्मोकोल. अंगठा लावणारे आजोबा आता नाहीत. गेटवर भांडायला येणारा त्यांचा नातू आहे, त्याला ऑफिसात बोलावून मी दस्ताची प्रत दिली. त्याने ती सावकाश वाचली, अंगठ्यापाशी थांबला, मग विचारलं, "मॅडम, ही झेरॉक्स आहे. ओरिजिनल आमच्याकडे का नाही?" दस्त एकाच प्रतीत केला होता आणि ती प्रत कंपनीने ठेवून घेतली होती, एवढंच उत्तर मी देऊ शकत होते.

आता पाचशेच्या मुद्रांकावर नवा दस्त तयार केला आहे, तोच मजकूर, मराठीतच, दोन मूळ प्रतींत, एक त्याची आणि एक आमची. त्याची सही झाली. आमच्या बाजूची फाइल डायरेक्टर साहेबांच्या टेबलावर आहे. मुद्रांकाचे सहा महिने मोजत मी दर सोमवारी त्यांच्या सेक्रेटरीला विचारते.